पडद्यावरील घाट ते प्रत्यक्ष घाट : व्यावसायिक सायकल शर्यतींचे प्रेक्षण आणि परदेशप्रवासाची प्रेरणा

प्रस्तावना

क्रीडा आणि पर्यटन यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना ऑलिंपिक किंवा विश्वचषक पाहण्यासाठी होणारा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर येतो. अशा प्रवासात प्रेक्षक तिकीट काढतो, सामना पाहतो आणि परततो. मैदानात उतरण्याचा अधिकार त्याला नसतो. रस्त्यावरील सायकल शर्यत मात्र या नियमाला अपवाद आहे. तिचे क्रीडांगण सार्वजनिक रस्ता असल्यामुळे शर्यत पाहण्यास तिकीट लागत नाही आणि शर्यत पुढे गेल्यावर त्याच रस्त्यावरून कोणालाही सायकल चालविता येते. या खेळाच्या प्रेक्षणातून परदेशप्रवासाची प्रेरणा कशी निर्माण होते, याचे विवेचन ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीच्या आधारे प्रस्तुत लेखात केले आहे.

शर्यतीची जडणघडण

‘टूर द फ्रान्स’चा जन्म १९०३ मध्ये झाला. ‘लोटो’ या क्रीडाविषयक दैनिकाचा खप वाढविणे हा तिचा मूळ हेतू होता. संपादक आंरी देग्रांज यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या पहिल्या शर्यतीत सहा टप्पे आणि सुमारे २,४२८ किलोमीटर अंतर होते. मोरिस गारँ हा तिचा विजेता ठरला. १९१० मध्ये पिरेनीज पर्वतातील २,११५ मीटर उंचीचा तूरमाले घाट आणि १९११ मध्ये आल्प्समधील गालिबिए घाट शर्यतीत समाविष्ट झाले. तेव्हापासून कोण जिंकले याइतकेच कोणत्या घाटात जिंकले, यालाही महत्त्व आले. घाटांतील कामगिरीसाठी १९३३ मध्ये स्वतंत्र क्रमवारी सुरू झाली आणि १९७५ पासून तिच्या आघाडीवीरास लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळू लागली. मुंबई–पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मानाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पडद्यावरून रस्त्यापर्यंत

आरंभीची कित्येक वर्षे ही शर्यत लोकांपर्यंत प्रामुख्याने वर्तमानपत्रांतून पोहोचत असे. दूरचित्रवाणीने तिचे स्वरूप पालटले. आज जुलैमधील तीन आठवडे, एकवीस टप्प्यांत, हेलिकॉप्टरवरील कॅमेरे शेते, नद्या, किल्ले आणि पर्वत तासन्‌तास दाखवीत असतात. खेळाडू एकमेकांच्या आडोशाने संथपणे जात असताना प्रेक्षकाचे लक्ष भूप्रदेशाकडे वळते. पडद्याच्या कडेला उरलेले अंतर आणि चढाचे प्रमाण येत राहते. अशा रीतीने, कधीही न पाहिलेल्या प्रदेशाची ओळख प्रेक्षकाच्या मनात तयार होते. १९९३ पासून हौशी सायकलस्वारांसाठी ‘लेताप द्यु टूर’ हा उपक्रम भरविला जातो. त्यात शर्यतीतीलच एखादा टप्पा वाहतूक बंद केलेल्या रस्त्यांवरून पार करावयाचा असतो. प्रेक्षकाच्या सुप्त इच्छेला आयोजकांनी दिलेला हा प्रतिसादच होय.

आल्प द्युएझ : एक उदाहरण

फ्रेंच आल्प्समधील आल्प द्युएझ हा घाट या प्रक्रियेचे बोलके उदाहरण आहे. १९५२ मध्ये येथे प्रथमच टप्पा संपला आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी विजयी झाला. सुमारे १३.८ किलोमीटरच्या या चढावर २१ वळणे असून चढाचे सरासरी प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. वळणांना उतरत्या क्रमाने आकडे दिले असून प्रत्येक फलकावर टप्पा जिंकणाऱ्यांची नावे आहेत. १९७६ ते १९८९ या काळात डच खेळाडूंनी येथे आठ वेळा विजय मिळविला. परिणामी, ज्या देशात पर्वत नाहीत त्या नेदरलँड्समधील प्रेक्षक मोठ्या संख्येने येथे येऊ लागले आणि सातवे वळण ‘डच वळण’ म्हणून प्रसिद्ध झाले. २००६ पासून डच नागरिक कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमविण्याकरिता हाच घाट एका दिवसात सहा वेळांपर्यंत चढतात. पाहण्यापासून सुरू झालेला प्रवास सामाजिक कार्यापर्यंत कसा पोहोचतो, हे यातून दिसते.

प्रत्यक्षानुभव

प्रस्तुत लेखक अनेक वर्षे या शर्यतीचा प्रेक्षक आहे. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषांवरून उताराचे प्रमाण काढावयास तो विद्यार्थ्यांना शिकवितो. ८ टक्के म्हणजे शंभर मीटर अंतरात आठ मीटर उंची, हे वाक्य त्याने किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. काही वर्षांच्या बचतीतून जून २०२४ मध्ये तो आल्प द्युएझला गेला, तेव्हा ‘एका रस्त्यासाठी एवढा खर्च?’ असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला होता. तो रास्तच होता.

त्याचे उत्तर पायथ्याच्या ल बूर द्वाझाँ गावाबाहेर पहिल्या दोन किलोमीटरांतच मिळाले. तेथील चढ सरासरीहून बराच तीव्र आहे. भाड्याच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर लावूनही चौथ्या वळणापाशी खाली उतरावे लागले. व्यावसायिक खेळाडू हा घाट सुमारे चाळीस मिनिटांत चढतात. लेखकास विश्रांतीसह दोन तासांहून अधिक वेळ लागला. कॅमेरा उंचावरून पाहतो, त्यामुळे पडद्यावर चढ सपाट भासतो. मागे पडणाऱ्या खेळाडूविषयी घरी बसून काढलेले ‘याने कच खाल्ली’ हे उद्गार त्या वळणावर आठवले आणि संकोच वाटला.

दुसरी बाजू

या प्रेरणेकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य ठरणार नाही. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हाँतू पर्वतावर टॉम सिम्पसन या ब्रिटिश खेळाडूचा मृत्यू झाला. उष्णता व अतिश्रम यांच्या जोडीला उत्तेजक द्रव्याचाही त्यात भाग होता. माथ्याजवळील त्याच्या स्मारकापाशी आजही सायकलस्वार थांबतात. लान्स आर्मस्ट्राँग याची १९९९ ते २००५ मधील सात विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द झाली. ज्या पराक्रमांनी प्रेक्षकांना प्रवासास प्रवृत्त केले, त्यांतील काही खोटे होते. तथापि घाट खोटा नव्हता. स्वतःच्या पायांनी चढलेला चढ कोणत्याही निकालामुळे रद्द होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सायकल शर्यतीचे प्रेक्षण तीन मार्गांनी प्रवासाची प्रेरणा देते : ते भूप्रदेशाची ओळख करून देते, त्या भूप्रदेशाला इतिहास देते आणि तो सर्वांसाठी खुला ठेवते. या प्रवासाचे खरे फलित मात्र स्थलदर्शनापेक्षा निराळे आहे. ज्ञात असलेली संख्या अनुभवास येणे, हे ते फलित होय. परतल्यानंतर लेखक वर्गात ८ टक्के हा आकडा फळ्यावर लिहितो आणि उदाहरण सोडविण्यापूर्वी क्षणभर थांबतो. त्या आकड्यात किती श्वास मावतात, हे विद्यार्थ्यांना कसे सांगावे, याचा शोध अद्याप सुरू आहे.