गाईडला तुमचं किती माहीत असावं?



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, गाईड कसा निवडायचा? विषय, पेपर, लॅबमधली उपकरणं, फेलोशिप हे सगळं तुम्ही बघताच. आज त्या यादीत सहसा नसलेली एक गोष्ट सांगते. हा मार्गदर्शक तुम्हाला अख्खा माणूस म्हणून स्वीकारतो, की तुमच्यातला फक्त रिझल्ट देणारा भाग? ऐकायला भावनिक वाटेल, पण याचा थेट संबंध तुमच्या डेटाच्या खरेपणाशी आहे. कसा ते बघू.

सुरुवात लॅबऐवजी मैदानापासून करू, कारण शिकवणारा आणि शिकणारा यांच्या नात्यावर खेळात बरंच संशोधन झालं आहे. आणि उदाहरणासाठी नाशिकच्या बाहेर जायची गरज नाही.

कविता राऊत हे नाव तुम्हाला माहीत असेलच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची मुलगी, म्हणून 'सावरपाडा एक्सप्रेस'. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती घडली. आता तिचे काही आकडे बघा. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या २५ फेऱ्या, ३३ मिनिटं ५ सेकंदांत पूर्ण केल्या आणि कांस्य मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर भारतीय महिलेचं ते पहिलं वैयक्तिक पदक. साधारण सहा आठवड्यांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर तिनं ३१ मिनिटं ५१ सेकंदांत कापलं आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं एका सेकंदापेक्षाही कमी फरकानं, तेही आपल्याच प्रीजा श्रीधरनकडून. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १२० वा क्रमांक.

यातला कुठला आकडा म्हणजे कविता? इतिहास घडवणारं पदक हळू वेळेत आलं, आणि दीड महिन्यात तीच धावपटू ७४ सेकंदांनी वेगवान झाली. शर्यत कशी धावली गेली, हवा कशी होती, शरीर कुठल्या टप्प्यावर होतं, यावर वेळ ठरते. स्टॉपवॉच फक्त वेळ सांगतं. झोप, जेवण, पाळी, दुखरा गुडघा, घरून आलेला फोन, यातलं काहीच ते सांगत नाही. कुठल्याही कोचला ते धावपटूकडूनच कळतं, आणि धावपटू ते सांगेल तेव्हाच. म्हणजे अख्ख्या माणसाला जागा देणं हा कोचचा मोठेपणा तर आहेच, पण त्याच्या कामाला लागणारी माहितीही त्यातूनच येते.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू.

पहिलं नाव कार्ल रॉजर्स. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ च्या एका गाजलेल्या लेखात, समुपदेशनातून माणूस बदलायला कुठल्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात ते मांडलं. त्यातली एक अट म्हणजे विनाअट स्वीकार. 'तू असा वागलास तरच मला चालशील' हे त्यात नाही. इथे एक गैरसमज हमखास होतो. माणसाला स्वीकारणं म्हणजे त्याचं प्रत्येक वागणं योग्य ठरवणं नव्हे. चुकीच्या प्रयोगाला चुकीचाच म्हणायचं, फक्त त्यावरून माणसाची किंमत ठरवायची नाही.

याच्या उलट बाजूवर आसोर, रॉथ आणि डेसी यांचा २००४ चा अभ्यास आहे. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही अपेक्षेप्रमाणे वागलात तरच आईवडिलांची माया मिळते असं वाटायचं का? ज्यांना तसं वाटायचं ती मुलं अपेक्षित वागत होती, पण आतल्या सक्तीपोटी. यशाचा आनंद थोडाच टिकायचा, अपयशाची लाज मोठी असायची, आणि आईवडिलांवर राग असायचा. तुम्ही संशोधक होणार आहात, म्हणून मर्यादाही लक्षात घ्या. ही विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेली उत्तरं आहेत, दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढंच त्यातून कळतं, आणि विषय पालकांचा आहे, गाईडचा नाही. तरी 'पेपर आला तर मॅडम हसून बोलतात' हा अनुभव लॅबमध्ये कुणाला नवा नाही.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीममध्ये औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या! त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून चुका उजेडात येत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या.

आता माझी गोष्ट.

मी द्राक्षाच्या सालीवर सापडणाऱ्या यीस्टवर काम करते. फ्लास्कमध्ये द्राक्षरस, त्यात यीस्ट, आणि दर २४ तासांनी साखर किती उतरली ते मोजायचं. दुसऱ्या वर्षी, नेमक्या काढणीच्या तोंडावर, निफाड तालुक्यातल्या आमच्या बागेवर गारपीट झाली. त्या रविवारी मी घरी होते. सकाळी दहाचं रिडिंग घ्यायला पोहोचले संध्याकाळी सहाला. वहीत वेळ लिहिली सकाळी दहाची.

मला खोटं बोलायचं होतं असं नाही. मला एवढंच वाटलं की 'घरचं कारण सांगणारी मुलगी' असं माझं नाव पडायला नको.

दोन आठवड्यांनी मॅडमनी आलेख पाहिला. तिन्ही फ्लास्कमध्ये एकाच दिवशी साखर नेहमीपेक्षा जास्त उतरलेली, आणि पुढच्या रिडिंगला तेवढीच कमी. यीस्ट असं ठरवून वागत नाही. त्यांनी विचारलं, "अगं, त्या रविवारी तू कुठे होतीस?" मी सगळं सांगितलं. बाग, वडील, कर्ज, आणि वहीतली वेळसुद्धा.

त्यांनी आधी वडिलांची चौकशी केली. मग वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "हा सगळा सेट बाद. रिडिंग पुन्हा घ्यायची. वेळ चुकली तर चुकलेली वेळ लिहायची, खोडायचं नाही." त्यात सवलत शून्य. मात्र पुढचे सेट आम्ही सोमवारी सुरू करून शनिवारी संपतील असे बसवले, म्हणजे रविवारी मला घरी जाता येईल. गंमत बघा, ही सोय पहिल्या दिवसापासून शक्य होती. मी काही बोललेच नव्हते, म्हणून ती झाली नाही.

त्या दिवशी चूक माझीच होती. पण मॅडमनी आधी मला रागावून मग कारण विचारलं असतं, तर मी उरलेलं खरं सांगितलं असतं का? मला खात्री नाही. आणि तो आकडा माझ्या थिसिसमध्ये गेला असता.

तेव्हा गाईड निवडताना काय करायचं?

एक. त्या लॅबमधल्या सीनिअरना 'सर कसे आहेत?' असं विचारू नका. सगळे 'छान' म्हणतात. त्याऐवजी विचारा, "प्रयोग फसला तर सरांना कधी सांगता?" उत्तर 'त्याच दिवशी' आलं तर उत्तम. 'पुन्हा करून बघतो, जमलं तर सांगतच नाही' असं आलं तर सावध व्हा.

दोन. काळाचा हिशेब करा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं असतात. एवढ्या काळात घरात आजारपण, लग्न, बाळंतपण, नोकरीचा प्रश्न यातलं काहीतरी येणारच. त्याच नियमांत महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. मग ते गाईडला सांगताना आपण का लाजायचं?

तीन. सगळं सांगायची गरज नाही. ज्याचा कामाच्या वेळेवर, तब्येतीवर किंवा डेटावर परिणाम होतो तेवढं सांगा, आणि वेळेवर सांगा. बाकीचं खाजगी ठेवायचा हक्क तुमचा आहे.

चार. 'आमची लॅब म्हणजे एक कुटुंबच' हे वाक्य ऐकलं की नीट बघा. गाईडच्या मुलाला क्लासला सोडणं, घरची बिलं भरणं म्हणजे स्वीकार नव्हे. तुमचा पूर्ण विचार करणं वेगळं आणि तुमच्या पूर्ण वेळेवर हक्क सांगणं वेगळं.

आणि हे नातं दोन्ही बाजूंनी असतं. खेळातल्या नात्यांवर काम करणाऱ्या सोफिया जोवेट यांनी कोच आणि खेळाडूचं नातं जवळीक, बांधिलकी आणि एकमेकांना पूरक वागणं अशा तीन अंगांनी मोजलं. त्यासाठीच्या प्रश्नावलीत प्रश्न फक्त ११ आहेत, आणि त्यातला विश्वासाचा किंवा आदराचा प्रश्न खेळाडूला आपल्या कोचबद्दल विचारलेला असतो. म्हणजे गाईडही माणूस आहे. त्याचाही पेपर नाकारला जातो, त्याच्याही घरी कुणी आजारी असतं. एखाद्या दिवशी तो तुटक बोलला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. एका रिडिंगवरून आलेख काढत नाहीत, हे आपल्याला पहिल्याच सेमिस्टरला शिकवलेलं असतं.

ती वही अजून माझ्या टेबलावर आहे. बाद केलेल्या पानावर मी नंतर खरी वेळ लिहिली: संध्याकाळी ६. आता नव्या ज्युनिअर मुलींना वही कशी लिहायची हे दाखवताना मी तेच पान उघडते.