पाव आटा

संपादकांना लेख हवा होता वसईच्या लग्नांतल्या बँडवाल्यांवर. त्यासाठी गेलो आणि एका मेस्त्रींच्या पडवीत अडकलो. बँड राहिले बाजूला. मेस्त्री मूळचे सुतार. दारं-खिडक्या करता करता कुणाच्या तरी व्हायोलिनची डागडुजी केली, मग गिटारी यायला लागल्या. मी गेलो तेव्हा टेबलावर एक बास गिटार उताणी पडली होती. चारांतल्या दोन तारा तुटलेल्या, उरलेल्या दोन गंजून तपकिरी झालेल्या.

"कुणाची?"

"जिने आणली तिच्या सासऱ्यांची. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे ते मुंबईला. ते गेले आणि ही गेली माळ्यावर. वर पत्रा, मागे खाडी. आणखी काय व्हायचं हिचं?"

गिटार फेंडर कंपनीची, प्रिसिजन बास. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तोवर बास म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरायचं वाद्य. न्यायची पंचाईत, आणि बाकीच्या गोंगाटात ऐकू येण्याचीही पंचाईत. १९५१ साली फेंडरने ते गळ्यात अडकवण्याजोगं केलं. दांडीवरच्या पट्टीवर धातूचे आडवे फ्रेट ठोकल्यामुळे सूर अचूक लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. पुढे १९६५ मध्ये सीबीएसने ही कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. तोवर हे वाद्य जगभर पोचलं होतं. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या वादकवृंदात ते रुळलं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवत. आयातीवर निर्बंध होते त्या काळात अशी गिटार मिळवणं हाच एक उद्योग असायचा.

मेस्त्रींना या इतिहासात रस नव्हता. त्यांनी आवाजाचं बटण उघडून बॅटरीच्या उजेडात त्याच्या पाठीवरचा आकडा मला वाचायला लावला. सुरुवातीला १३७, म्हणजे सीटीएस कंपनीचा माल; पुढे ६६, म्हणजे साल. मी लगेच वहीत १९६६ लिहिलं. "थांबा हो," ते म्हणाले आणि दांडीचे चार स्क्रू काढून ती धडापासून सोडवली. दांडीच्या बुंध्यावर पुसट शिक्का होता, त्यात साल ६८. फेंडरने ६६ साली ही बटणं ढिगाने घेऊन ठेवली होती आणि पुढची काही वर्षं तीच वापरली. गिटार घेताना नुसतं बटण बघून वर्ष सांगणारे फसतात ते इथे. पट्टी शिसवाची. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून फेंडरने ब्राझीलच्या शिसवाऐवजी भारतातलं शिसव वापरायला घेतलं. म्हणजे ही पट्टी इथूनच जाऊन परत आली म्हणायची.

खरं दुखणं दांडीचं होतं. बासच्या चार तारा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ओढ देतात, आणि त्या ओढीने दांडी धनुष्यासारखी पुढे वाकते. ती वाकू नये म्हणून आतून एक लोखंडी सळई घातलेली असते. सळईच्या टोकाचा नट आवळला की ती दांडीला उलट्या बाजूला ढकलते. साधी युक्ती, पण फेंडरने तो नट ठेवला बुंध्याशी. तिथे पाना पोचायला दरवेळी तारा सैल करा, दांडी काढा, नट फिरवा, दांडी बसवा, तारा चढवा, सुरात आणा आणि मग बघा वाक गेला का. ज्याने हे ठरवलं त्याला स्वतः दुरुस्ती करावी लागत नसणार, असं मला वाटलं. पण फेंडरची सुरुवातच दुरुस्तीतून झालेली.

नट जाम होता. त्याआधी कुणीतरी बळजबरी केलेली, खाचेच्या कडा झिजलेल्या. जोर लावला आणि सळई आत तुटली, तर अख्खी पट्टी उचकटावी लागते. मेस्त्रींनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि दांडी बाजूला ठेवून दुसऱ्याच कुणाच्या गिटारीला लागले. दुसऱ्या दिवशी नटाला सोल्डरिंगची गरम कांडी टेकवली. मग दांडीच्या पाठीखाली मधोमध ठोकळा ठेवून दोन्ही टोकं क्लँपने हळूहळू खाली दाबली. वाक नटाने नाही काढायचा, हाताने काढायचा. नटाने तो फक्त धरून ठेवायचा. दांडी सरळ दिसल्यावर त्यांनी पाना लावला. "पाव आटा. त्याच्या पुढं नाही." टक् असा आवाज झाला. माझ्या पोटात गोळा आला. मेस्त्री म्हणाले, "गंज सुटला. सळई तुटली असती तर पाना असा गरागरा फिरला असता."

यानंतर फ्रेट घासणं, चाव्यांना तेल, बटणांतली खरखर काढणं, ही कामं सरळ झाली. तारा चढल्या, जॅक लावला. आवाज शून्य.

तारांची थरथर विजेत बदलणारं त्यांच्याखालचं पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत असतं, प्रत्येक तुकडा दोन तारांपुरता. दोन्हींची जोडणी अशी की विजेची घरघर एकमेकांत कटते. पण ते एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक मेला की दोन्ही गप्प. मल्टिमीटरवर एका तुकड्याने पाच किलोओहमच्या वर आकडा दाखवला, दुसऱ्याने काहीच नाही. चुंबकांच्या कांड्यांवर पातळ लॅकर, आणि त्यावर थेट केसाहून बारीक तारेचे सुमारे दहा हजार वेढे. चुंबक गंजला की पहिला घास आतल्या वेढ्यांचा. मेस्त्रींनी भिंग लावून बाहेरचं टोक तपासलं, काही वेढे उलगडले, पुन्हा मोजलं. तुटलं होतं ते आतच.

आता प्रश्न पैशांचा झाला. जुन्या गिटारींच्या बाजारात कारखान्यातल्याच वेढ्यांना मोल असतं. नव्याने गुंडाळलेलं पिकअप म्हटलं की किंमत उतरते. बाईंच्या एका नातेवाइकाने तोच सल्ला दिला: काही करू नका, तशीच विका. न वाजणारी गिटार वाजणारीपेक्षा महाग, हा हिशोब मला अजून पचलेला नाही. बाईंच्या मुलाला मात्र ती लग्नात वाजवायची होती.

"बाय, नीट विचार कर," मेस्त्री तिला म्हणाले. "गुंडाळलं की गुंडाळलं."

"वाजू दे," ती म्हणाली.

तार ४२ गेजची लागते. मोटर रिवायंडिंगच्या दुकानांत पंख्याची तार मिळते, ती याहून बरीच जाड. मग ती बाहेरून मागवावी लागली. शिलाई मशीनच्या मोटरवर चुंबकांचा सांगाडा फिरतो आणि मेस्त्री दोन बोटांत तार धरून बसतात. ताण जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल बसतात आणि ॲम्प्लिफायर किंचाळतो. पहिल्या खेपेला तार अर्ध्यात तुटली आणि सगळं काढून टाकावं लागलं. चांगल्या तुकड्याला त्यांनी हात लावला नाही, जरी त्याच्याही चुंबकांवर गंजाचे ठिपके दिसत होते. तो आधीच बदलून टाकावा, असं मी सुचवून पाहिलं.

"चालतोय ना? मग चालू दे. गेला की घेऊन येतील परत."