जड सामानाचे स्थलांतर : थोडा हिशेब, थोडी काळजी

बँकेच्या सेवेत असताना माझ्या एकूण आठ बदल्या झाल्या. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड आवरायचे, ट्रकमध्ये भरायचे आणि नव्या गावी पुन्हा मांडायचे, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की निवृत्तीनंतरही आप्तेष्टांपैकी कोणाचे घर हलणार असले, की पहिला दूरध्वनी मला येतो. गेल्या दिवाळीनंतर माझ्या पुतण्याने सांगलीच्या गणपती पेठेतील जुने घर सोडून पुण्यास बिबवेवाडीत बिऱ्हाड नेले. मार्केट यार्डाजवळ त्याने नवा व्यवसाय सुरू केला आहे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आज अशीच पेठेतील वडिलोपार्जित घरांतून सदनिकांत जात आहेत. त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे यांची चिंता नसते. ती खोक्यांत जातात आणि खोक्यांतून निघतात. खरा प्रश्न असतो तो एका माणसाला न उचलणाऱ्या पाच-सहा वस्तूंचा. पुतण्याने ‘छोटा हत्ती’ ठरवून टाकला होता. मी कागद घेतला आणि आकडे मांडले. आजोबांची तिजोरी सुमारे २५० किलो, दोन दारांचा मोठा फ्रिज ९५, कपडे धुण्याचे यंत्र ७०, घरघंटी ४५, बॅटरीसह इन्व्हर्टर ७५ आणि दोन लोखंडी कपाटे मिळून १६०. बेरीज ६९५ किलो. २००५ साली बाजारात आलेल्या या लहान गाडीची भारक्षमता मूळची सुमारे ७५० किलोची. म्हणजे गव्हाचे एक पोते आणि पुस्तकांचे दोन खोके चढले, की मर्यादा संपली. त्यात ‘हमाल मागे बसून येतील’ असे चालकाने सहज सांगितलेले. सामानाच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याला धरून नाही, हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट ही, की ब्रेक लागल्यावर तिजोरी सरकते तेव्हा मध्ये कोण बसले आहे हे ती पाहत नाही. आम्ही दीड टन भार नेणारी बंद बांधणीची पिकअप ठरवली. भाडे वाढले, पुतण्याच्या कपाळावर आठी आली. व्यापाऱ्याच्या कपाळावर ती यायचीच.

तिजोरीच्या बाबतीत मी इतका आग्रही का असतो, ते सांगणे भाग आहे. १९९६ साली आम्हां भावांच्या वाटण्या झाल्या. हीच तिजोरी माडीवरून खाली आणून थोरल्या बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या घरी न्यायची होती. चार हमाल लागतील असे मुकादम म्हणाला. मी बँकेतला माणूस. खर्चाच्या प्रत्येक रकमेवर खूण करण्याची सवय. तिघांत काम होईल असे मी ठरवले आणि एकाची हमाली वाचवली. लाकडी जिन्याच्या वळणावर वरच्या दोघांपैकी एकाचा हात सुटला. खाली जो होता त्याच्या पायावर तिजोरीचा कोपरा आला आणि पाऊल मोडले. दवाखान्याचे सगळे बिल मी भरले आणि आपले कर्तव्य झाले असे मानून घरी आलो. अण्णांनी एकच विचारले, “दोन महिने हा माणूस पाठीवर पोतं घेणार नाही. त्याच्या घरात काय शिजणार? हिशेब निम्माच लिहिलास की रे तू.” त्यानंतर दर शनिवारी त्याच्या घरी आठवड्याची मजुरी पोहोचवली, पण ती सुचली अण्णांना, मला नाही. ती गोष्ट आजही मनातून जात नाही.

आपल्या पेढ्यांवर पूर्वी शंभर किलोचे पोते एकाच पाठीवर चढत असे. आता ते पन्नासचे झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका पुरुष कामगाराने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. बाजार समितीत हे नियम आपण पाळतो. घर हलवताना मात्र तोच हमाल आपल्याला कसाही राबवता येईल असे वाटू लागते. माझा साधा हिशेब असा : वस्तूचे वजन चाळीसने भागावे, येईल तितकी माणसे. ७० किलोच्या यंत्राला दोन. २५० किलोच्या तिजोरीला सहा. मात्र जिन्यावर सहा माणसे मावत नाहीत, म्हणून तिथे माणसांऐवजी युक्ती हवी.

ती युक्ती आपल्या जुन्या हमालांना उत्तम ठाऊक असते. पहारीने एक बाजू बोटभर उचलायची, खाली लोखंडी पाइपाचे तुकडे रुळासारखे सारायचे आणि सपाट जमिनीवर तिजोरी ढकलत न्यायची. जिन्यावर दोन जाड फळ्या घालून वरून खांबाला दोन वेढे दिलेल्या दोराने ती इंच-इंच सोडायची. तिजोरीच्या खालच्या बाजूला, तिच्या वाटेत, कोणीही उभे राहायचे नाही. हा नियम एकदा सांगून भागत नाही. दर पाच मिनिटांनी सांगावा लागतो, कारण मदतीच्या उत्साहात घरातलेच कोणी तरी खाली जाऊन हात लावते. गाडीत चढवतानाही फळीच. गाडीचा हौदा अडीच फूट उंच आणि फळी दहा फूट लांब असेल, तर २५० किलोची वस्तू चढवायला साधारण चौथा हिस्सा, म्हणजे साठ-पासष्ट किलोचा जोर आणि वर घर्षणापुरता अधिक लागतो. फळी पाच फुटांची घेतली, की तोच जोर दुप्पट. लांब फळीसाठी शेजारच्या लाकडाच्या वखारीत विचारावे, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

तिजोरी आणि कपाटे रिकामी करूनच हलवावीत. दागिने व कागदपत्रे सामानाच्या गाडीत कधीही नसावीत. ती आदल्या आठवड्यात बँकेच्या लॉकरमध्ये जावीत किंवा आपल्याबरोबर. हे मी सवयीने सांगतो आहे असे वाटेल, पण कुलूपबंद तिजोरी भरलेलीच गाडीत चढवलेली मी पाहिली आहे.

आता कपडे धुण्याच्या यंत्राविषयी. समोरून दार असलेली यंत्रे इतकी जड का असतात, याचे आश्चर्य वाटते. त्यांच्या पोटात मुद्दाम काँक्रीटचा किंवा ओतीव लोखंडाचा ठोकळा बसवलेला असतो. ड्रम वेगाने फिरताना यंत्र नाचू नये, म्हणून हे वजन. हा ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. यंत्र नवे येते तेव्हा मागच्या बाजूने तीन-चार लांब बोल्ट घालून तो जखडलेला असतो. जोडणीसाठी आलेला कारागीर ते काढतो, भोकांना प्लॅस्टिकची बुचे लावतो आणि बोल्ट आपल्या हाती देतो. आपण ते कुठे तरी ठेवतो आणि विसरतो. पुढे घर हलते, बोल्टांविना यंत्र गाडीत चढते आणि दोनशे किलोमीटरच्या खड्ड्यांत तो टांगता ड्रम चारही बाजूंना आपटत जातो. नव्या घरी पहिल्याच धुलाईला घरघर ऐकू येते आणि दोष कंपनीला दिला जातो.

पुतण्याच्या घरी बोल्टांचा शोध सुरू झाला. वहिनींनी शांतपणे सांगितले की दोन वर्षांपूर्वी माळा आवरताना ते भंगारवाल्याला दिले. पुतण्या म्हणाला, “काका, चार बोल्टांसाठी काय थांबायचं? गादी गुंडाळून नेऊ.” मी ऐकले नाही. गादी बाहेरून गुंडाळता येते, ड्रम आतून हलतो. कंपनीच्या सेवा केंद्रात यंत्राचा क्रमांक सांगितला आणि चार दिवसांनी ते सुटे मिळाले. घर हलायला चार दिवस उशीर झाला. माझ्या बरोबर चार दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही. यंत्र उभेच न्यायचे, आदल्या दिवशी नळ्यांतील आणि गाळणीतील पाणी काढून टाकायचे, एवढे त्यात जोडावे.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून रिकामा करावा, बर्फ वितळू द्यावा, काचेच्या फळ्या व कप्पे काढून वेगळे बांधावेत. दारांना रुंद कापडी पट्टा बांधावा. चिकटपट्टी लावल्यास रंग निघून येतो. तो शक्यतो उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरते आणि लगेच सुरू केल्यास कॉम्प्रेसर कोरडा चालतो. उभा आणला तरी तीन-चार तास आणि आडवा आणावाच लागला तर एक पूर्ण दिवस स्थिर ठेवून मगच वीज द्यावी. हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू थोड्या प्रमाणात असतो, म्हणून मागच्या नळ्यांवर दोर आवळू नये.

घरघंटी हलवण्याआधी तिची चाळणी, पिशवी आणि कानाकोपरे ब्रशने स्वच्छ करावेत. जुन्या पिठात बारीक किडे असतात, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवावी, तिच्या टोकांना रबराचे आवरण घालावे आणि ती कपड्यांच्या गाठोड्याजवळ ठेवू नये. आम्ल सांडले की कापडाला भोके पडतात.

गाडी भरण्यात खरे शहाणपण दिसते. सर्वांत जड वस्तू पुढे, चालकाच्या केबिनच्या भिंतीला टेकवून, खाली आणि मधोमध. ती मागे ठेवली तर पुढची चाके हलकी होतात आणि वळताना गाडी हाताला नीट येत नाही. माल बांधण्याचा युरोपातील मापदंड असा, की पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतका जोर सहन होईल अशी बांधणी असावी. आमच्या तिजोरीसाठी तो जोर पुढे २०० किलो आणि बाजूंना १२५ किलो होतो. सुतळीचे हे काम नव्हे. आम्ही खटक्याचे रुंद पट्टे भाड्याने घेतले आणि तिजोरीखाली रबरी चटई घातली, कारण लोखंडावर लोखंड सहज घसरते.

बांधणी एकदा करून संपत नाही. गाडी हलली की सामान आपापल्या जागी बसते आणि दोर सैल पडतात. आष्ट्यापाशी गाडी थांबवून पाहिले तर फ्रिजच्या पट्ट्यात चार बोटे सहज जात होती. पुन्हा आवळले, तेव्हा चालकालाही पटले. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतारावर येणारे इंग्रजी एस अक्षरासारखे वळण आपल्या परिचयाचे आहे. तेथील अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तिथे मी आमच्या मोटारीतून मागे राहून गाडीकडे पाहत होतो. ती जराही झुकली नाही.

कागदपत्रांविषयी थोडे सांगतो. गाडीचा विमा हा गाडीचा आणि तिसऱ्या पक्षाचा असतो, आत भरलेल्या तुमच्या फ्रिजचा नव्हे. वाहतूक कंपनीमार्फत सामान पाठवत असाल, तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बिल्टी मागावी आणि तीत सामानाची किंमत लिहून घ्यावी. अधिक किंमत जाहीर करून अधिक दर दिला नसेल, तर भरपाई नियमाप्रमाणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. दहा हजार भाडे असेल तर लाखाच्या वर मागणी चालत नाही. दावा लावण्यापूर्वी नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. ‘ओळखीचा माणूस आहे’ हे वाक्य मी नोकरीत थकीत कर्जांच्या संदर्भातही पुष्कळ ऐकले आहे.

बिबवेवाडीत उद्वाहकापाशी शेवटची परीक्षा होती. आतल्या पाटीवर ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असे लिहिलेले. तिजोरी अडीचशे आणि तिघे हमाल दोनशे, म्हणजे साडेचारशे. तिजोरीबरोबर एकच माणूस पाठवला, बाकीचे जिन्याने वर गेले. उद्वाहकाच्या उंबऱ्यावर फळी टाकली, नाही तर सारे वजन चाकांखालच्या दोन ठिपक्यांवर येते. तिजोरी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईवरच्या भिंतीलगत ठेवली. या वेळी सहा हमाल होते. काम संपल्यावर ठरलेली हमाली दिली आणि सगळ्यांना घरात बसवून जेवू घातले.

धुलाई यंत्राचे बोल्ट काढून सूनबाईंनी कापडी पिशवीत घातले, पिशवीवर तारीख लिहिली आणि ती तिजोरीत ठेवली. फ्रिज मात्र लगेच लावायचा त्यांचा आग्रह होता. “काका, दूध नासेल,” त्या दोनदा म्हणाल्या. मी दूध शेजारच्या घरी पाठवले. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपल्यावर फ्रिजचे बटण दाबले, तेव्हा शेजारच्या आजी दुधाचे पातेले परत घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मूळच्या आष्ट्याच्या निघाल्या.