ओट्यावरचं पीठ, ओट्याखालचा लाडोबा

२०२५ साली पाव कोर्टात गेला आणि कुत्राही. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्यासाठी सहा महिने दिले. ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाचे दोन आठवड्यांच्या आत दोन आदेश निघाले. पहिल्या बातमीवर ‘पाव महागणार की चव जाणार’ अशा चर्चा रंगल्या, दुसरीनं सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांत उभी फूट पाडली. ते सगळं वाचकांना पाठ आहे. पाव आणि कुत्रा यांची गाठ आणखी एका जागी पडते, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ती जागा म्हणजे फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा. वर पीठ फुगत असतं, खाली लॅब्राडॉर मान वर करून बसलेला असतो.

हे दोन्ही शौक बऱ्याच घरांत साधारण एकाच सुमारास शिरले. २०२०च्या टाळेबंदीत जगभर यीस्टची टंचाई झाली आणि हौशी मंडळी सावरडोच्या मागे लागली. सावरडोचा स्टार्टर म्हणजे पिठा-पाण्याचं विरजणच. त्याला वेळच्या वेळी नवं पीठ घालायचं, थंडी-उन्हाळा सांभाळायचा. काही जण तर त्याचं बारसंही करतात. त्याच काळात घरी पिल्लू आणणारेही कमी नव्हते. ती पिल्लं आता पोक्त झाली आहेत. त्यांच्या वाढदिवसाला वेगळा केक येतो, पावसाळ्यात रेनकोट, दिवाळीत कुर्ता. लाड करायला कोणाची ना नाही. पण लाडाचा रोख चुकतो आहे. कुत्र्याच्या खाण्यात गहू नको म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या घरातच अर्धा किलो कच्चं पीठ ओल्या फडक्याखाली, कुत्र्याच्या नाकाच्या टप्प्यात रात्रभर ठेवलेलं असतं.

धोका आहे तो त्या पिठाचा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण साडेअडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सियस. यीस्टला इतकी उबदार, ओलसर जागा ओट्यावर कुठून मिळणार? गिळलेलं पीठ पोटात फुगतच राहतं. एकीकडे वायूनं जठर ताणलं जातं. ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या जातींत त्याला पीळ पडण्याची भीती असते, आणि तसं झालं तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. दुसरीकडे यीस्टनं तयार केलेलं अल्कोहोल रक्तात उतरतं. कुत्रा खरोखरीच झिंगतो. त्याचा तोल जातो, उमासे येतात पण उलटी होत नाही, अंग गार पडतं, रक्तातली साखर उतरते. घरच्यांना आधी हसू येतं, मोबाइलवर व्हिडिओही निघतो. दवाखान्यात अशा वेळी थंड पाण्यानं जठर धुण्याचा उपाय केला जातो, कारण गारव्यानं यीस्ट मंदावतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला मात्र जाऊ नये. त्यातून मिठाचीच विषबाधा व्हायची. कचऱ्यात टाकलेला जादा स्टार्टरही डब्यात आंबतच असतो, हे बीगलच्या मालकांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

पण या विषयातली खरी रहस्यकथा आहे बेदाण्यांची. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांवर उठतात, हे पशुवैद्यांना या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं. बुरशीवर संशय घेऊन झाला, कीटकनाशकांवर घेऊन झाला. एक कुत्रा घडभर द्राक्षं खाऊन ठणठणीत, दुसरा मूठभर बेदाण्यांनी अत्यवस्थ, ताळमेळच लागेना.

धागा सापडला तो अमेरिकेतल्या ‘एएसपीसीए’ या प्राणिसंस्थेच्या विषबाधा सल्ला केंद्रात. तिथल्या पशुवैद्यक कोलेट वेगेनास्ट यांच्यापुढे एका कुत्र्याची केस आली. त्यानं मुलांना खेळण्यासाठी घरी केलेला मैद्याचा गोळा फस्त केला होता. अशा गोळ्यात मीठ भरपूर असतं, तेव्हा त्रास झालाच तर तो मिठाचा असायला हवा. इथे मात्र मूत्रपिंडं निकामी झाली, अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी. गोळ्यात आणखी एक जिन्नस होता, क्रीम ऑफ टार्टर. केक करणारे अंड्याचा पांढरा भाग फेटताना चिमूटभर घालतात तेच. हा टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि हे आम्ल द्राक्षांत भरपूर. २०२१मध्ये वेगेनास्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पत्र लिहून हा संबंध मांडला. जातीनुसार आणि पिकण्यानुसार द्राक्षातलं आम्ल कमी-जास्त होतं, त्यामुळे इतक्या वर्षांचं ते कोडंही उलगडू लागलं. पुढे प्रयोगशाळेत कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर याची चाचणी झाली. या पेशींचं घराणं १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलपासून सुरू झालं आणि आज ते फ्लूच्या लशीसाठीही वापरलं जातं. टार्टारिक आम्लानं या पेशींना इजा केली. माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी निभावून गेल्या.

वेगेनास्ट आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या शोधनिबंधात आणखी एक पदार्थ आला: चिंच. निबंधातल्या कुत्र्यांनी चिंच खाल्ली होती, चिंचगुळाची आमटी नव्हे, हे खरं. तरी कोळ काढून उरलेला चोथा कुठे ठेवायचा, याचा विचार करायला हवा. आणि ज्या राज्यातून तासगावचा बेदाणा देशभर जातो, तिथे तर ही गोष्ट एव्हाना घरोघरी पोचायला हवी होती. कुत्र्याला प्रसादाचा शिरा, खीर, नाताळचा फ्रूट ब्रेड भरवणारे कमी नाहीत, आणि शिजवून-भाजून बेदाण्याचा दोष जात नाही. उलट्या सहसा पहिल्या दिवसातच सुरू होतात, मूत्रपिंडांचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसतं. ‘आता बरा दिसतोय की’ म्हणत घालवलेला दिवस नेमका उपचारांचा असतो.

बाकीची यादी थोडक्यात. गार्लिक ब्रेडमधल्या लसणानं आणि कांद्यानं तांबड्या पेशी फुटतात; मांजरांना तर हा त्रास कुत्र्यांहून लवकर होतो. ‘शुगर-फ्री’ पदार्थांतल्या झायलिटॉलनं कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम उसळतं आणि साखर कोसळते. कुत्र्यासाठी घरी केक करताना पीनट बटरची बाटली वाचायची ती यासाठी.

मग पाव द्यायचाच नाही का? भाजलेला साधा पाव, एखादा तुकडा, बिनघोर द्यावा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, तेव्हा त्यांना ‘ग्रेन-फ्री’ची चिंता नव्हती, आणि विज्ञानही त्यांच्याच बाजूनं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की, पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांकडे चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारचं खाता खाता झालेला हा बदल. उलट अमेरिकेच्या एफडीएनं २०१८मध्ये धान्यविरहित खाण्याचा हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याचा तपास सुरू केला. संबंध ठामपणे सिद्ध झाला नाही. पण महागड्या पाकिटांमागचा ‘कुत्र्याला धान्य वर्ज्य’ हा दावा तरी कशाच्या आधारावर उभा आहे?

राहता राहिला पीठ कुठे ठेवायचं हा प्रश्न. बंद ओव्हनच्या आत ठेवता येतं, फक्त तापवायच्या आधी बाहेर काढायची आठवण हवी. सर्वांत सोपं म्हणजे रात्री फ्रिजमध्ये. गारव्यात सावकाश फुगलेल्या पिठाला चव चांगली येते, म्हणून बेकर मंडळी असंही तेच करतात. फ्रिजचं दार उघडायला शिकलेले लॅब्राडॉरही असतात म्हणा. त्यांच्यासाठी बाजारात तान्ह्या मुलांच्या घरात लावतात ते कुलूप मिळतं.