फळा अंधूक का दिसतो?

शेजाऱ्याच्या वहीत बघून फळा उतरवून घेणारे मूल प्रत्येक वर्गात असते. आपण त्याला आळशी म्हणतो, कधी ‘कच्चा’ म्हणतो. पुष्कळदा त्याला फळाच नीट दिसत नसतो. ते तक्रारही करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते.

निकटदृष्टितेत नेत्रगोल बहुधा वाजवीपेक्षा लांब वाढलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. मोठ्या माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली, तर नंबर साधारण अडीच-तीनने सरकतो! नंबरावरून स्पष्ट दिसण्याची मर्यादाही काढता येते. १ ला नंबराने भागा. उत्तर मीटरमध्ये येते. उणे २ नंबरच्या मुलाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचे अंधूक दिसते. मग चार मीटरवरच्या फळ्याचे काय होत असेल? दहावीच्या वर्गात हे गणित जरूर करावे.

तपासणीला यंत्र लागत नाही. पांढऱ्या कागदावर १३ मिलिमीटर उंच व तेवढेच रुंद, ठळक काळे इंग्रजी ‘ई’ काढा. प्रत्येक रेघेची आणि मधल्या फटीची जाडी उंचीच्या एक-पंचमांश हवी. भरपूर उजेडात मुलाला सहा मीटरवर उभे करा. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. कागद फिरवत ‘ई’चे तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायला सांगा. दिशा वारंवार चुकली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, वर्ध्याचे जिल्हा रुग्णालयही आहे.

पालक म्हणतात, चष्म्याने नंबर वाढतो. मुलीच्या बाबतीत तर लग्नाची काळजी आधी पुढे येते. मलेशियात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला, तेव्हा त्या मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढला. ही पाहणी २००२ ची. नंबर फार वाढला, तर पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही वाढतो. वाढ मंदावण्यासाठी अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब आता वापरतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

शाळेच्या हाती आहे तो उजेड. चीनमधील ग्वांगझो शहरात बारा शाळांपैकी निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर नेले. तीन वर्षांत त्यांच्यातील ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना (निष्कर्ष २०१५). फरक मोठा नाही, पण फुकटचा आहे. तेज उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन स्रवते व नेत्रगोलाची वाढ आवरते, असे मानले जाते.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा डोळे कोणाच्या मनात नव्हते. सूतकताई तर जवळूनच बघायचे काम! शेतीकामाने मात्र मुले उघड्यावर आली. सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये आजही शेती हा शिक्षणाचा भाग आहे. इतर शाळांनी निदान खेळाचा तास गणिताला देऊ नये. वर्ध्याच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर नेणे शक्य नाही, पण सकाळी कडुनिंबाच्या सावलीत वर्ग भरवता येतो. तिथेही उजेड खोलीतल्यापेक्षा कितीतरी पट असतो.