बाकावर कोण बसणार?
थीम पार्कची कौटुंबिक सहल आखताना

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये लाकडी घोड्यांचा एक फिरता पाळणा होता. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी तेथे नेत. मुली घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. आई-वडील आणि मुले यांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असे डिस्ने यांनी पुढे सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले.

आपल्याकडे मुंबईतील गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले आणि २०१३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खोपोलीला इमॅजिका. आता ईदच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुले अशा ठिकाणी जाण्याचा हट्ट धरतात आणि अब्बा वर्षातून एकदा तो पुरवतातही. पण तेथे गेल्यावर दिवसभर आजूबाजूला पाहावे. प्रत्येक राइडच्या बाहेर बाकावर कोणी ना कोणी बसलेले दिसते. मांडीवर तान्हे मूल, पायाशी सहा चपलांचे जोड, हातात सगळ्यांचे मोबाइल. बहुतेक वेळा ती घरातली आई किंवा थोरली सून असते. तिचेही तिकीट पूर्ण भरलेले असते. म्हणून सहल आखताना पहिला प्रश्न 'कोणती राइड?' हा नसावा. 'बाकावर कोण आणि किती वेळ बसणार?' हा असावा.

आधी मशवरा, मग तिकीट

सहलीच्या आठ दिवस आधी रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने आपल्याला हवीच अशी एकच गोष्ट सांगावी. दादीला आणि अम्मीलाही विचारावे, आणि 'माझं काय, तुम्ही करा मजा' हे उत्तर मान्य करू नये. दादीला झोपाळ्यात बसायचे नसेल, पण गार हॉलमध्ये बसून पडद्यावरचा खेळ पाहायला आवडेल. अम्मीला कदाचित मुलांसोबत पाण्यात उतरायचे असेल आणि ते तिने आजवर कोणाला सांगितले नसेल. सहा जणांच्या सहा गोष्टी कागदावर लिहिल्या की दिवसाचा आराखडा जवळजवळ तयार होतो. उरलेला वेळ मुलांचा.

उंची घरीच मोजा

राइडवर मुलाला घ्यायचे की नाही, हे वयावर ठरत नाही, उंचीवर ठरते. कारण साधे आहे. खांद्यावरून किंवा मांडीवर येणारा दांडा ठराविक आकाराच्या शरीरालाच घट्ट बसतो. लहान मूल त्यातून निसटू शकते. इमॅजिकातील 'नायट्रो' हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, त्याला पायाखाली तळ नाही आणि तो माणसाला पाच वेळा उलटा फिरवतो. अशा ठिकाणी जाड तळाचे बूट घालून दोन बोटे उंची वाढवणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ आहे.

भिंतीवर खूण करून प्रत्येक मुलाची उंची मोजावी आणि पार्कच्या यादीशी ताडून पाहावी. धाकट्याला कोणत्या राइड मिळणार नाहीत, हे घरीच समजावून सांगितले तर रांगेच्या टोकाशी रडारड होत नाही. बऱ्याच पार्कांत लहान मुलांचे तिकीटही उंचीवरच ठरते, त्यामुळे हिशेबालाही हे माप उपयोगी पडते. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेले, मान-पाठीचे दुखणे असलेले यांनी वेगवान राइड टाळाव्यात. औषधांची वेळ चुकवू नये.

कपडे

वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांना बहुधा मनाई असते. सुती कापड पाणी पिऊन जड होते आणि त्याचे धागे पाणी गाळण्याच्या यंत्रणेत अडकतात. म्हणून नायलॉनसारख्या कापडाचा पोशाख मागतात. याचा अर्थ अंग उघडे टाकावे असा नाही. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे आणि डोके झाकणारे पोहण्याचे पोशाख आज बाजारात मिळतात. 'बुर्किनी' हा प्रकार ऑस्ट्रेलियातील आहेदा झनेट्टी यांनी २००४ मध्ये तयार केला. आपल्या पार्कात कोणता पोशाख चालतो, हे तिकीट काढण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे. केवळ पोशाखाचा नियम माहीत नसल्यामुळे अनेक बहिणी काठावर बसून राहतात. स्त्रियांसाठी वेगळी वेळ किंवा जागा आहे का, हेही त्याच फोनवर विचारावे.

कोरड्या राइडवर ओढणी आणि लांब केस यांची काळजी घ्यावी. गो-कार्टच्या चाकात ओढणी अडकणे जीवघेणे ठरू शकते. पिनांनी लावलेल्या हिजाबाऐवजी अंगाबरोबर बसणारी शिवलेली टोपीवजा ओढणी सोयीची. पिना अशा ठिकाणी न वापरलेल्याच बऱ्या.

ऊन, रांग आणि नमाज

बासी ईदला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी गर्दी फार असते. शनिवार-रविवारही तसेच. सोमवार ते गुरुवार यांपैकी दिवस निवडावा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजीसाठी बाहेर पडले तर पुन्हा आत येण्याची मुभा सगळीकडे नसते.

दार उघडताच बहुतेक लोक पहिल्या दिसेल त्या राइडच्या रांगेत उभे राहतात. आपण सरळ सर्वांत आतल्या टोकाला जाऊन परत दाराकडे यावे. उघड्यावरच्या राइड सकाळीच आटोपाव्यात. दुपारी बारा ते तीन हा वेळ छताखालचे खेळ, जेवण, जोहरची नमाज आणि दादीची विश्रांती यांसाठी ठेवावा. पाण्याचे खेळ जोहरनंतर घेतले तर मध्येच कपडे बदलावे लागत नाहीत. मात्र असरची वेळ निघून जाणार नाही, हे पाहावे. पातळ मुसल्ला आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत असावा. नमाजीसाठी जागा कोठे मिळेल, हे आत शिरतानाच चौकशी खिडकीवर विचारून ठेवावे.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचे अन्न आणि औषधे यांना सहसा हरकत नसते. घरचा डबा गाडीतच नाश्त्याला संपवावा. आतल्या मांसाहाराविषयी खात्री नसेल तर शाकाहारी जेवण घ्यावे.

हिशेब

तिकीट हा खर्चाचा एक भाग. प्रवास, टोल, दोन वेळचे खाणे, लॉकर, भाड्याचे पोशाख आणि छायाचित्रे मिळून रक्कम बरीच वाढते. समजा माणशी तिकीट १५०० रुपये धरले, तर सहा जणांचे ९००० झाले, आणि वरचा खर्च माणशी ५०० धरला तरी एकूण १२,००० होतात. एवढी रक्कम उसनी घ्यावी लागणार असेल तर सहल पुढे ढकलावी. त्यात इस्राफ टळतो आणि मुलेही वाट पाहायला शिकतात. ज्येष्ठांसाठी व विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का, ते विचारावे. मुलांच्या हाती ठराविक रक्कम देऊन 'यातच भागवायचे' असे सांगावे. खेळणी की आइस्क्रीम, हा निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा.

बाकाची पाळी

घरात तान्हे मूल असेल तर बाक काही टळत नाही. पण त्याची पाळी लावता येते. एक तास अब्बा, एक तास काका, एक तास मोठा मुलगा. काही पार्कांत आई-वडिलांपैकी एकाने राइड घेऊन आल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांगेत उभे न राहता सोडतात. तशी सोय आहे का, हे प्रत्येक राइडवर विचारावे. सामान लॉकरमध्ये ठेवले की चपला राखण्यासाठी माणूस लागत नाही. लॉकरचे भाडे वाचवून घरातल्या एका माणसाचा दिवस खर्ची घालणे हा महाग सौदा आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत प्रत्येकाला विचारावे, 'आज तुला सगळ्यात जास्त काय आवडलं?' मुले एकदमच बोलू लागतील. त्यांचे झाले की अम्मीला आणि दादीला विचारावे, आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यावे.