ऑयलर चुकला, बालसखी टिकली

गैरसमज : मोठ्या गणितीने सांगितले आणि पावणेदोनशे वर्षे कुणी खोडले नाही, म्हणजे ते सिद्धच.

वस्तुस्थिती : मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझमधल्या कलिना संकुलातल्या गणित विभागाचे एकेकाळचे प्रमुख शरदचंद्र श्रीखंडे यांनी याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. ऑयलर या थोर गणितीने १७८२ मध्ये एक कोडे मांडले. सहा पलटणींतले सहा-सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करा, की प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. त्याला ते जमेना. मग ६, १०, १४, १८ अशा कुठल्याच आकड्याला ते जमणार नाही, असा अंदाज त्याने केला. सहापुरता तो बरोबर होता. गॅस्टन टॅरी यांनी १९०१ च्या सुमारास एकेक शक्यता तपासून ते दाखवले. मधल्या काळात काहींनी पूर्ण अंदाजाच्या ‘सिद्धता’ही छापल्या. सगळ्या चुकीच्या! १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी अमेरिकेत २२ चा चौरस रचला, पार्कर या गणितीने १० चा. पुढे तिघांनी मिळून सिद्ध केले की या मालिकेत सहानंतरच्या प्रत्येक आकड्याला तो जमतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. खरे तर अंदाज पाडायला २२ चा एकच चौरस पुरेसा होता.

गैरसमज : मग अर्थशास्त्रातला सिद्धान्तही एका उलट्या उदाहरणाने पडतो.

वस्तुस्थिती : नाही. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. मागे पडलेल्या मुलांना त्या वेगळे बसवून शिकवत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी शाळांची निवड करून तुलना केली. सरासरी गुण वाढले होते. शेजारच्या बंड्याचे वाढले नाहीत, म्हणून निष्कर्ष बाद होत नाही. तो दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लागू होईल, याची मात्र हमी नाही.

गैरसमज : म्हटलेले खरे निघाले, की ते ज्ञान.

वस्तुस्थिती : आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडिताला हे मान्य नव्हते. मांस भाजायला नुकताच जाळ केला आहे, धूर अजून नाही. वासाने जमलेल्या किड्यांचा थवा लांबून धुरासारखा दिसतो आणि कुणीतरी म्हणतो, ‘तिथे आग आहे.’ आग आहेच; पण त्याला ते कळले, असे म्हणायचे का? हीच अडचण एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये तीन पानांत मांडली आणि ती त्यांच्या नावाने गाजली. तिच्या उत्तरावर तत्त्वज्ञांचे अजून एकमत नाही.